नवा क्लच सेट, ६८ हजार किलोमीटरनंतर

माझ्या गाडीचा मूळ क्लच ४२ हजार किलोमीटरवर संपला. त्याच उत्पादकाचा, त्याच क्रमांकाचा नवा सेट बसवला त्याला आता ६८ हजार किलोमीटर झाले आहेत आणि तो अजून पूर्ण पकड देतो. गाडी तीच आहे, रोजचा रस्ता तोच आहे आणि चालवणाराही मीच आहे. फरक पडला तो माझ्या डाव्या पायाच्या सवयींमध्ये. त्यामुळे या सेटचे परीक्षण लिहायचे, तर त्यात सवयींविषयी बरेच लिहावे लागेल, कारण त्यांच्याशिवाय मी दिलेला कोणताही आकडा वाचणाऱ्याच्या उपयोगाचा नाही. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांपैकी एकीचा क्लच पन्नास हजारांच्या आत जातो आणि दुसरीचा दीड लाख ओलांडतो, हे कोणताही अनुभवी मिस्त्री सांगेल.

सेटमध्ये तीन वस्तू येतात: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग. क्लच प्लेटच्या दोन्ही बाजूंना तंतू आणि रेझिन यांपासून बनवलेले घर्षणाचे अस्तर रिव्हेटने बसवलेले असते. नव्या प्लेटवर अस्तराचा पृष्ठभाग आणि आत बुडालेल्या रिव्हेटचा माथा यांमध्ये साधारण एक ते दीड मिलिमीटर अंतर असते. क्लचचे सारे आयुष्य या एवढ्याशा जाडीत साठवलेले असते, हे खोका उघडून प्लेट हातात घेतल्यावर पहिल्यांदा लक्षात आले. मधल्या भागातील लहान स्प्रिंगा इंजिनाचे धक्के शोषतात आणि अस्तराच्या दोन थरांमधील किंचित वाकवलेल्या पातळ पट्ट्या पकड हळूहळू येऊ देतात. प्रेशर प्लेटमधील तबकडीच्या आकाराची स्प्रिंग क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकावर, दाबून धरते. आपण पेडल दाबतो तेव्हा रिलीज बेअरिंग त्या स्प्रिंगच्या बोटांवर जाऊन टेकते आणि दाब सुटतो. या सेटचे काम स्वच्छ होते. रिव्हेट एका पातळीत होते, प्लेट कुठे वाकलेली नव्हती आणि बेअरिंग हाताने फिरवल्यावर कुठेही अडखळले नाही.

बसवणाऱ्या गॅरेजने एक चांगली गोष्ट केली, ती म्हणजे काढलेले जुने भाग माझ्यासमोर ठेवले. जुन्या प्लेटचे अस्तर रिव्हेटपर्यंत झिजले होते, ते अपेक्षितच होते. मला अस्वस्थ केले ते प्रेशर प्लेटवरच्या निळसर डागांनी आणि केसांसारख्या बारीक चिरांनी. ओतीव लोखंड फार तापले की त्याच्यावर असा निळा रंग चढतो. प्लेट केवळ वापराने झिजली नव्हती, ती पुन्हा पुन्हा भाजली गेली होती. त्या दिवसापर्यंत मी जुन्या सेटला दोष देत होतो. ते डाग पाहिल्यावर मला माझ्या चालवण्याकडे पाहावे लागले.

क्लच झिजतो तो फक्त घसरताना. पेडल पूर्ण सुटलेले असेल, तर प्लेट आणि फ्लायव्हील एकाच वेगाने फिरतात आणि झीज होत नाही. पेडल पूर्ण दाबलेले असेल, तर प्लेट मोकळी असते आणि तेव्हाही अस्तराचे काही बिघडत नाही. या दोहोंच्या मधली जी अवस्था आपण हाफ क्लच म्हणून ओळखतो, तिथेच सगळी उष्णता आणि सगळी झीज होते. गाडी उभ्या स्थितीतून निघते तेव्हा थोडे घसरणे अटळ आहे, किंबहुना क्लच त्यासाठीच आहे. प्रश्न एवढाच असतो की ते किती वेळ आणि इंजिनाच्या किती फेऱ्यांवर घसरू द्यायचे.

यामागचे गणित साधे आहे आणि ते समजल्यापासून माझी सवय जितकी बदलली, तितकी कोणत्याही उपदेशाने बदलली नसती. सपाट रस्त्यावर इंजिनाचे फेरे स्थिर ठेवून गाडी सोडली, तर क्लचमध्ये किमान तेवढीच ऊर्जा उष्णतेत जाते, जेवढी गतीच्या रूपाने गाडीला मिळते. समजा गाडीचे वजन १२०० किलो आहे, पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या १४ फेऱ्यांना चाकाचा एक फेरा होतो आणि चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर आहे. मिनिटाला १००० फेऱ्यांवर क्लच पूर्ण पकडला, तर त्या क्षणी गाडी ताशी सुमारे ८ किलोमीटर वेगाने चाललेली असते आणि क्लचमध्ये सुमारे ३ किलोज्यूल उष्णता तयार झालेली असते. तीच गाडी २००० फेऱ्यांवर सोडली, तर उष्णता सुमारे १२ किलोज्यूल होते. फेरे दुप्पट झाले, पण उष्णता चौपट झाली. मी पूर्वी इंजिन बंद पडू नये म्हणून आधी ॲक्सिलरेटर देऊन मग सावकाश क्लच सोडत असे आणि त्याला सफाईदार चालवणे समजत असे. प्रत्यक्षात प्रत्येक सिग्नलवर मी चार वेळा निघण्याइतकी उष्णता त्या अस्तरावर टाकत होतो.

आता मी पेडल पकडीच्या जागेपर्यंत आणतो, गाडी हलू लागली की क्षणभर तिथेच थांबतो, मग पाय पूर्ण काढतो आणि त्यानंतरच ॲक्सिलरेटर दाबतो. बहुतेक आधुनिक गाड्यांमध्ये इंजिनाचे संथ फेरे संगणक सांभाळतो, त्यामुळे सपाट जागी ॲक्सिलरेटरला जवळजवळ न शिवताही गाडी निघते. याचा अर्थ पेडल झटक्यात सोडावे असा मात्र नाही. एकदम सोडलेला क्लच अस्तर वाचवतो, पण मधल्या स्प्रिंगा, गिअरबॉक्सचे माउंटिंग आणि चाकांकडे जाणारे शाफ्ट यांना मार देतो. सगळे एक-दीड सेकंदात, पण न आदळता व्हायला हवे. हे रिकाम्या मैदानात वीस-पंचवीस वेळा करून पाहिले की पाय आपोआप शिकतो.

गाडी जराशी सरकत असताना दुसऱ्या गिअरमध्ये उचलण्याची सवयही याच हिशेबात बसते. पुष्कळ गाड्यांमध्ये दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर पहिल्याच्या निम्म्याच्या आसपास असते. म्हणून थांबलेली गाडी दुसऱ्यात काढली, तर त्याच फेऱ्यांवरही क्लचमध्ये तिप्पट-चौपट उष्णता होते. पूर्ण थांबलो की पहिला गिअर, हा नियम मी आता मोडत नाही. गतिरोधकावरून गाडी माणसाच्या चालण्याच्या वेगाने जात असली, तरी पहिलाच घालणे बरे.

सर्वांत मोठा बदल चढावर झाला. चढावर रांगेत उभे असताना ब्रेक न लावता क्लच आणि ॲक्सिलरेटर यांच्या तोलावर गाडी जागच्या जागी धरून ठेवणे हे कौशल्य आहे, असे मला शिकवले गेले होते आणि अनेकांना आजही तसे वाटते. वर सांगितलेलीच गाडी घ्या. शंभर मीटरला पाच मीटर चढ आहे आणि इंजिन मिनिटाला १२०० फेऱ्यांवर आहे. गाडी एक इंचही पुढे जात नसल्याने क्लचपर्यंत पोचलेली सगळी शक्ती उष्णतेत जाते, आणि ती भरते सुमारे दीड किलोवॉट, म्हणजे खोली तापवणाऱ्या विजेच्या हीटरएवढी. असे दहा सेकंद धरले, तर पाच वेळा व्यवस्थित निघण्याइतकी उष्णता होते. चढ दुप्पट झाला की तीही दुप्पट होते. शिवाय हे सगळे गिअरबॉक्सच्या बंद घंटेसारख्या कवचात घडते, जिथे वारा फारसा लागत नाही. एकदा तापलेली प्लेट लवकर थंड होत नाही, आणि अस्तरातील रेझिन जळू लागले की झीज झपाट्याने वाढते. जळका, उग्र वास येतो तो याच वेळी. माझ्या जुन्या प्रेशर प्लेटवरचे निळे डाग बहुधा याच सवयीचे होते.

यावर उपाय हँडब्रेकचा. चढावर थांबताच हँडब्रेक ओढावा, गाडी न्यूट्रलमध्ये घ्यावी आणि दोन्ही पाय मोकळे करावेत. निघताना पहिला गिअर टाकून पेडल पकडीपर्यंत आणावे. गाडीचा पुढचा भाग किंचित उचलला जातो किंवा इंजिनाचा आवाज जरा खाली बसतो, तीच हँडब्रेक सोडण्याची खूण. ज्यांच्या गाडीत चढावर ब्रेक आपोआप धरून ठेवण्याची सोय आहे, त्यांना पाय ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर नेण्यासाठी दोनेक सेकंद मिळतात. ही सोय चांगली आहे, पण ती थांबण्यासाठी नाही, निघण्यासाठी आहे.

मुंगीच्या गतीने सरकणाऱ्या रहदारीत क्लच वाचवणे सर्वांत कठीण जाते आणि तिथे मला अजूनही पूर्ण यश आलेले नाही. पुढची गाडी दोन हात सरकली की आपणही दोन हात सरकायचे, अशी ओढ असते. अशा प्रत्येक सरकण्यात क्लच पूर्ण पकडतच नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तो घसरतच असतो. मी आता पुढे तीन-चार गाड्यांची जागा होईपर्यंत थांबतो आणि मग पहिल्या गिअरमध्ये पाय पूर्ण काढून इंजिनाच्या संथ फेऱ्यांवर गाडी चालू देतो. पाच वेळा हाफ क्लचवर सरकण्याऐवजी एकदाच नीट निघतो. मागचे लोक कधी हॉर्न वाजवतात आणि मधल्या जागेत कधी कुणी शिरतो. त्यामुळे पोचायला क्वचितच उशीर होतो, हे मी रोज तपासून पाहिले आहे.

सिग्नलविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. गिअर टाकून, क्लच पूर्ण दाबून उभे राहिल्याने प्लेट झिजते असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही, कारण तेव्हा प्लेट मोकळी असते. पण तेवढा वेळ रिलीज बेअरिंग भाराखाली फिरत राहते, प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची बोटे दाबलेली राहतात आणि इंजिनाच्या मुख्य शाफ्टला पुढे-मागे सरकण्यापासून रोखणाऱ्या बेअरिंगवरही तो रेटा पडतो. क्लच केबलचा असेल तर केबलही ताणलेली राहते. त्यात पाय थकला की पेडल नकळत थोडे वर येते आणि मग मात्र प्लेटही घासू लागते. म्हणून काही सेकंदांपेक्षा जास्त थांबायचे असेल, तर न्यूट्रल करून पाय काढणे हेच योग्य. रिलीज बेअरिंग गेले की पेडल दाबल्यावर घरघर किंवा किंचाळल्यासारखा आवाज येतो, आणि तो लहानसा भाग बदलण्यासाठीही पूर्ण गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

चालत्या गाडीत डावा पाय पेडलवर टेकवून ठेवण्याची सवय यापेक्षा घातक आहे, कारण ती चालवणाऱ्याला जाणवतच नाही. नुसत्या पायाच्या वजनानेही बेअरिंग स्प्रिंगला टेकू शकते आणि दाब किंचित कमी होतो. मग चढावर किंवा जोरात वेग घेताना प्लेट सूक्ष्म घसरते. पेडलच्या डावीकडे पाय ठेवायची जी जागा असते, ती याचसाठी दिलेली आहे. केबलच्या क्लचमध्ये पेडलला सुरुवातीची थोडी मोकळी चाल असावी लागते. ती किती, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि ती नाहीशी झाली असेल, तर आपण पाय न ठेवताही तोच परिणाम होतो. दर सर्व्हिसिंगला ती मोजून घेण्याचा आग्रह धरावा. माझ्या गाडीत द्रवाच्या दाबावर चालणारा क्लच आहे, त्यामुळे चाल जुळवावी लागत नाही. मात्र त्यातला द्रव हवेतील ओलावा शोषतो, म्हणून तो ठरलेल्या मुदतीत बदलावा लागतो.

गिअर बदलताना काळजी दोनच गोष्टींची. वरचा गिअर टाकताना ॲक्सिलरेटर आधी सुटलेला असावा, नाहीतर इंजिन मोकळे होऊन त्याचे फेरे चढतात आणि ते खाली आणण्याचे काम क्लचला करावे लागते. खालचा गिअर टाकताना उलट करायचे, म्हणजे ॲक्सिलरेटरला हलका स्पर्श देऊन फेरे थोडे चढवायचे आणि मग पेडल सोडायचे. हे जमत नसेल, तर वेग आधी ब्रेकने कमी करून मगच गिअर उतरवावा. उतारावर इंजिनाचा आधार घेणे आवश्यकच आहे आणि पेडल पूर्ण सुटलेले असेल तर त्यात क्लचचे काहीही नुकसान नाही. पण सपाट रस्त्यावर केवळ वेग कमी करण्यासाठी एकामागून एक गिअर उतरवणे मी सोडून दिले आहे, कारण ब्रेकचे पॅड चाक काढून बदलता येतात आणि क्लचसाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो.

मागे घेताना आणि गाडी लावताना हाफ क्लच पूर्ण टाळता येत नाही. संथ फेऱ्यांवर रिव्हर्सचा वेग अरुंद जागेसाठी जास्तच असतो. तिथे मी क्षणभर पकड देऊन पेडल पूर्ण दाबतो, मिळालेल्या गतीवर गाडी सरकू देतो आणि ब्रेकने तिला आवरतो. चाक पदपथाच्या कडेला अडले असेल किंवा चिखलात रुतले असेल, तर क्लचवर रेटा देऊ नये. जळका वास आलाच, तर गाडी बाजूला घेऊन दहा-पंधरा मिनिटे थांबलेले बरे. एखाद्या तापलेल्या संध्याकाळीच हजारो किलोमीटरचे अस्तर संपू शकते.

आता या सेटविषयीच्या माझ्या तक्रारी. पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये पकड थोडी तुटक होती आणि निघताना गाडी थरथरत असे. नव्या अस्तराला फ्लायव्हीलच्या पृष्ठभागाशी जुळायला वेळ लागतो, त्यामुळे या काळात जड ओझे, तीव्र चढ आणि जोराने निघणे टाळावे लागते. सेटच्या खोक्यात हे सांगणारी साधी चिठ्ठीसुद्धा नव्हती, ही उणीव मला खरोखर खटकली. दुसरे असे की, दमट सकाळी पहिल्या दोन-तीन वेळा निघताना हलकी थरथर अजूनही जाणवते. अस्तरावरचा ओलावा उडाला की ती जाते, त्यामुळे मी तिला दोष मानत नाही; पण नवा घेणाऱ्याला ती घाबरवू शकते. पेडल जुन्यापेक्षा बरेच हलके झाले, मात्र त्याचे श्रेय सगळे नव्या सेटचे नाही. अस्तर झिजत जाते तशी स्प्रिंगची बैठक बदलते आणि जुन्या क्लचचे पेडल हळूहळू जड होत गेलेले असते.

बसवण्याच्या कामाविषयीही लिहायला हवे, कारण उत्तम सेट वाईट बसवणीने वाया जातो. माझ्या मिस्त्रींनी फ्लायव्हीलचा पृष्ठभाग तपासला, इंजिनाच्या मागच्या ऑइल सीलमधून गळती आहे का ते पाहिले, प्लेट मधोमध बसवण्यासाठी योग्य साधन वापरले आणि शाफ्टच्या खाचांना ग्रीसचा अगदी पातळ हात दिला. ग्रीस जास्त झाले तर ते फिरताना उडून अस्तरावर जाते आणि नवी प्लेट पहिल्या दिवसापासून घसरू लागते. फक्त प्लेट बदलून बाकीचे जुने ठेवण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो मानू नये. मजुरी तेवढीच लागते आणि जुने बेअरिंग काही महिन्यांत पुन्हा तेच काम काढायला लावू शकते. बऱ्याच डिझेल गाड्यांमध्ये आणि काही पेट्रोल गाड्यांमध्ये दोन भागांचे फ्लायव्हील असते. ते खराब झाले असेल, तर नुसत्या सेटने थरथर जाणार नाही, हे काम सुरू करण्याआधीच विचारून घ्यावे.

ज्यांचा क्लच खरोखर संपला आहे, त्यांनी गाडीच्या कंपनीने मान्य केलेला असाच पूर्ण सेट घ्यावा, असे मी निःशंकपणे सांगेन. पण आधी तो संपला आहे का, हे पाहावे. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगात चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर जोरात दाबावा. इंजिनाचे फेरे एकदम चढले आणि वेग मात्र त्या मानाने वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे. हँडब्रेक ओढून वरच्या गिअरमध्ये इंजिन बंद पाडून पाहण्याची जुनी पद्धत वारंवार वापरू नये, कारण त्या परीक्षेतच अस्तर जळते. मी वर्षातून दोनदा रस्त्यावरची चाचणी घेतो आणि दर वेळी पेडल किती उंचीवर पकडते ते वहीत लिहून ठेवतो. मागच्या नोंदीपेक्षा या वेळी पकड बोटभर वर आली आहे, आणि पाचव्या गिअरमध्ये फेरे दाखवणारी सुई अजून वेगाबरोबरच चढते.